आरसा कुणी पाहिलाय?

घरातल्या कुणालाही सहज विचारून बघा, बेसिनवरच्या आरशाची चौकट कुठल्या रंगाची आहे. रोज सकाळ-संध्याकाळ त्या आरशापुढे उभा राहणारा माणूस गडबडतो. पांढरी असावी. की चॉकलेटी? त्याच आरशाच्या कोपऱ्यात बायकोने चिकटवून ठेवलेल्या टिकल्या मात्र त्याला पाठ असतात, कारण दाढी करताना त्यातली एखादी नेमकी त्याच्या कपाळावर येते. आरशाकडे कुणी बघत नाही, आरशात बघतात. आणि आरशात काय बघायचं याबद्दल जगातल्या कुठल्याही दोन माणसांत आजवर मतभेद झालेला नाही.

आता समजा, एखाद्या आरशात आपण दिसलोच नाही, तर? तर तिथे आरसाच नाही, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. या एका भाबड्या समजुतीवर दीडशेहून अधिक वर्षं जादूगार, भुताचे महाल आणि जत्रेतले तंबू पोट भरताहेत. त्यांची विद्या फार गहन नाही. आरसा असा तिरका ठेवायचा, की गिऱ्हाइकाला त्यात तो स्वतः सोडून बाकी सगळं दिसेल. हा तिरकेपणा बहुतेक वेळा ४५ अंशांचा असतो. शाळेत कंपासपेटीतला जो गुण्या आपण फक्त पाठ खाजवायला वापरला, त्यावर लंडन-पॅरिसमध्ये लोकांनी इस्टेटी उभ्या केल्या.

१८६५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगाराने एक तीन पायांचं टेबल मांडलं. त्यावर पेटी ठेवली, पेटीचं दार उघडलं, तर आत इजिप्ती थाटाचं एक मुंडकं. स्टोडेअरने हुकूम करताच मुंडक्याने डोळे उघडले, हसलं, बोललं. टेबलाखाली बघावं, तर आरपार मागचा पडदा दिसतोय. धड ठेवायला जागाच नाही! शेवटी पेटी पुन्हा उघडली, तेव्हा आत नुसती राख. लंडन वेडं झालं. प्रत्यक्षात टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवलेले होते आणि त्यात दिसत होता तो बाजूचा पडदा. बाजूचा आणि मागचा, दोन्ही पडदे एकाच ताग्यातले. आरशांमागे एक गृहस्थ गुडघे मुडपून, टेबलाच्या भोकातून मान वर काढून बसलेले. ही कल्पना थॉमस टोबिन नावाच्या माणसाची. टाळ्या स्टोडेअरला, मुंग्या आल्या त्या मुडपलेल्या गृहस्थाच्या पायांना.

या प्रयोगातली खरी कसरत मुंडक्याची नव्हती, स्टोडेअरची होती. टेबलाच्या उजव्या-डाव्या बाजूला ठरावीक रेघेपलीकडे त्याचं पाऊल पडलं असतं, तर टेबलाखाली अचानक कर्नलसाहेबांच्या विजारीचे दोन पाय उगवले असते. म्हणजे ज्या आरशाने प्रेक्षकाला फसवायचं, त्याच आरशाला मालकानेही घाबरून असायचं. पुढच्याच वर्षी हे बोलकं मुंडकं पॅरिसच्या एका मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात पोचलं. तिथे शहाण्यासुरत्यांनी बरीच डोकी खाजवली. मग काही टवाळ पोरांनी कागदाचे बोळे करून टेबलाखाली भिरकावले. बोळा रिकाम्या हवेवर आपटला आणि परत आला. प्रकाशशास्त्राचं यापेक्षा स्वस्त प्रात्यक्षिक पॅरिसमध्ये झालं नसेल.

हा झाला एका जागी गप्प उभा राहणारा आरसा. आरशाला चालायला लावलं, की प्रकरण वेगळ्याच थराला जातं.

त्याच १८६५ मध्ये टोबिन आणि प्रोफेसर पेपर नावाचे एक गृहस्थ या दोघांनी मिळून एक कपाट काढलं. कपाट रिकामं असल्याचं दाखवायचं, आत एक माणूस शिरायचा, दार लावायचं, उघडायचं, माणूस गायब. आतल्या बाजूच्या भिंतींना बिजागरीवर बसवलेले दोन आरसे होते. आत गेलेला माणूस ते दारासारखे ओढून मधल्या खांबाला टेकवायचा आणि त्यांच्या मागे उभा राहायचा. बाहेरच्यांना आरशात दोन्ही बाजूंच्या भिंती दिसायच्या आणि ते समजायचे, ही मागची भिंत. या कपाटाची जाहिरातच मुळी अशी होती, की आम्ही इथे आहोत, पण इथे नाही. आपल्या कचेऱ्यांत हाच प्रयोग खुर्चीला स्वेटर अडकवून, आरशाच्या खर्चाशिवाय होतो.

हलत्या आरशाचा एक वाईट स्वभाव आहे. आपण जेवढं फिरवू त्याच्या दुप्पट तो प्रतिमा फिरवतो. आरसा एक अंश कलला, की प्रतिमा दोन अंश सरकते. दहा मीटरवरच्या वस्तूच्या बाबतीत हे सरकणं सुमारे ३५ सेंटिमीटर भरतं, म्हणजे फूटभराहून जास्त. बिजागरी किंचित ढिली राहिली, सुताराने 'चालतंय की' म्हटलं, तर इकडे भिंत जागची हलते. भूत हललं तर लोक तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणतात; भिंत हलली तर परत मागतात. म्हणून या धंद्यात जादूगारापेक्षा सुताराला जास्त जपावं लागतं.

याच पेपरसाहेबांचं भूत जगप्रसिद्ध आहे. १८६२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये ते प्रथम अवतरलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची, नाव झालं पेपरचं. भुतांच्या जगातही श्रेय असंच वाटलं जातं. रंगमंचापुढे तिरकी लावलेली मोठी काच, खाली खड्ड्यात झगझगीत उजेडात उभा असलेला नट, आणि काचेत पडलेलं त्याचं पारदर्शक प्रतिबिंब. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की काचेपलीकडे रंगमंचावर असलेल्या नायकाला भूत अजिबात दिसत नसे. सगळं थिएटर किंचाळतंय, आणि ज्याने किंचाळायला हवं तो जमिनीवरच्या खुणेकडे चोरून बघत, 'भूत आत्ता साधारण इथे आलं असेल' अशा हिशेबाने हवेत तलवार खुपसतोय. शिवाय मधल्या काचेमुळे आवाज नीट पोचायचा नाही, त्यामुळे भुतं बिचारी मुकी. आपल्या नाटकांत भूत एकदा बोलायला लागलं की पडदा पडेपर्यंत थांबत नाही. आपल्या नाटकवाल्यांनी ही काच लावून बघायला हरकत नाही.

पण माझ्या मते पेपरची कमाल भुतात नाही. ती १८७९ मध्ये आहे. जेम्स जॉन वॉकर या ऑर्गन बनवणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन त्याने 'मेटेम्सायकोसिस' नावाची करामत काढली. नाव ऐकून छातीत धडकी भरते. अर्थ मात्र आपल्या ओळखीचा, आत्म्याने एका देहातून दुसऱ्या देहात जाणं. वॉकरने काय केलं, तर एका भल्यामोठ्या आरशाचा पारा उभ्या रेघांत खरवडला. एका कडेला नुसती काच. मग केसासारख्या बारीक पाऱ्याच्या रेघा. त्या जाड होत होत दुसऱ्या टोकाला पूर्ण आरसा. हा आरसा चाकांवर, रुळांवरून, आवाज न करता रंगमंचावर तिरका सरकत यायचा. समोर बसलेल्याला कुठे कड दिसत नसे. मागे उभा असलेला माणूस हळूहळू विरघळायचा आणि त्याच जागी बाजूला लपवलेल्या दुसऱ्याच गोष्टीचं प्रतिबिंब घट्ट होत जायचं. सिनेमात एका दृश्यातून दुसरं दृश्य उमलतं ना, तसंच. फक्त सिनेमाचा जन्म अजून व्हायचा होता.

या आरशावर बेतलेल्या एका प्रवेशाचं वर्णन १८९७ सालच्या, जादूवरच्या एका जाडजूड अमेरिकन ग्रंथात आहे. मला ते कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त आवडतं. पडदा वर जातो. चित्रकाराची खोली, मागे पायऱ्या चढून गेलं की एक छोटं दालन, त्यात पोलादी चिलखत उभं. नोकर येतो. झाडलोट करतो. चिलखताचे भाग सुटे करून एकेक पुसतो आणि परत जोडतो. जोडून झालं रे झालं, की ते रिकामं चिलखत त्याला एक ठेवून देतं. नोकर बोंब ठोकत, फडकं टाकून खाली पळतो. चिलखत त्याच्या मागे. खोलीभर त्याला लाथाडतं, यथेच्छ बदडतं, आणि मन भरल्यावर आपल्या जागेवर जाऊन उभं राहतं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून मालक येतो. नोकर थरथरत सांगतो. मालक हसतो, पायऱ्या चढतो आणि चिलखताचा एकेक तुकडा काढून खाली फेकतो. आत कुणी नाही!

मधल्या काळात आरसा दोनदा घरंगळत येऊन गेलेला असतो. एकदा रिकाम्या चिलखताच्या जागी माणूस घातलेलं चिलखत आणायला, एकदा उलट करायला. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मला मात्र राहून राहून त्या नोकराचं वाटतं. मार खायचा तो खायचा आणि वर खोटारडा ठरायचं. घराघरांतला नोकर-मालकांचा इतिहास इतक्या थोडक्यात कुणी मांडला नसेल, आणि तोही काचेच्या एका तक्त्यावर.

आपल्याकडे या विद्येचं वावडं कधीच नव्हतं. दादासाहेब फाळके सिनेमाइतक्याच हौसेने जादूचे प्रयोग करायचे, आणि तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके हे नाव आरशापुढे धरा, कळेल. पण आपला खरा पेपर जत्रेत भेटतो. मौत का कुआँ आणि आकाशपाळणा यांच्या मधल्या बोळात एक तंबू असतो. बाहेर कापडावर रंगवलेली हिरव्या डोळ्यांची बाई, कमरेखाली नाग. भोंग्यावर एकजण गळा फाटेपर्यंत सांगत असतो, आईबापाचा शब्द मोडला म्हणून हिची ही गत झाली, बघा, लहानथोरांनी बघा, उघड्या डोळ्यांनी बघा.

आत शिरलं की बांबूचं कुंपण, त्यापलीकडे टेबल, टेबलावर रंगवलेल्या कापडाचं वेटोळं, आणि वेटोळ्याच्या टोकाला एका मुलीचा चेहरा. खरा चेहरा. पावडर थापलेला, कंटाळलेला. मागे फुलाफुलांचा पडदा. टेबलाखालीही फुलाफुलांचा पडदा. भोंगेवाल्याचा साथीदार प्रश्न विचारतो. नाव? नागकन्या. खातेस काय? दूध. आणखी काय? फक्त दूध. दुपारी पलीकडच्या गाड्यावर भजी कोण खात होतं, हा प्रश्न तिकिटात धरलेला नसतो.

मी गेलो होतो तेव्हा एका माशीने फार घोटाळा केला. ती टेबलाखालच्या मोकळ्या हवेत चालत होती. उडत नव्हती, शिस्तीत चालत होती, आणि तिच्या पायांना पाय लावून दुसरी माशी तिच्याबरोबर पावलं टाकत होती. मधूनच दोघी थांबून एकदम हात चोळत. माझ्या पुढ्यातला एक चार-पाच वर्षांचा मुलगा ओरडला, "आई, माशी बघ, माशी!" आईने त्याची मान धरून वर वळवली आणि म्हणाली, "माश्या घरी हायेत. नागीण बघ, पैशे दिलेत." संपूर्ण तंबूत आरसा फक्त त्या पोराला सापडला होता, आणि त्याला खाली बघायची बंदी झाली.

एक म्हातारी मात्र कुंपणाला टेकून बराच वेळ बघत होती. निघताना तिने मुलीला विचारलं, "बाई गं, मान अवघडत आसंल की तुजी." आणि नागकन्येने, साथीदाराचं लक्ष नाही असं बघून, होकाराची मान हलवली. म्हातारीला आरसा दिसला होता की नाही, मला सांगता येणार नाही. तिला आरशामागची पाठ दिसली होती.

मोठ्या कंपन्या हाच धंदा वातानुकूलित करतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९६९ च्या ऑगस्टात 'हाँटेड मॅन्शन' उघडलं. त्यात पाळण्यात बसून तुम्ही एका सज्ज्यावरून जाता आणि खाली दिवाणखान्यात भुतांची जोडपी गिरक्या घेत नाचताना दिसतात. काच तीच, पेपरची, फक्त अवाढव्य. खऱ्या बाहुल्या भलतीकडेच अंधारात फिरत असतात. गंमत अशी, की आरशाने डावं-उजवं उलटं केल्यामुळे त्या नाचात पुरुषाने जो हात धरायचा तो बाईने धरलाय आणि पुढाकार बाई घेतेय. अर्धं शतक उलटून गेलं, बायकाच पुरुषांना फिरवताहेत. संसारात मुरलेल्या प्रेक्षकांना त्यात काही चुकतंय असं वाटलेलं दिसत नाही.

त्याच महालाच्या शेवटी पाळणा एका आरशापुढे वळतो. आरशात तुम्ही दिसता, आणि तुमच्या शेजारी एक भूत बसलेलं. हा आरसा अर्धवट पाऱ्याचा. त्याच्या मागे साखळीवर लावलेली भुतं तुमच्या पाळण्याच्या बरोबरीने, त्याच वेगात चालत असतात. साखळी थोडी पुढेमागे झाली, तर भूत दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये उभं राहणार, शेअर रिक्षातल्या चौथ्या सीटसारखं. फ्लोरिडाच्या महालात २०११ पासून हे काम संगणकाकडे गेलं. तिथे भूत आता तुमचं आणि शेजाऱ्याचं डोकं अदलाबदल करून दाखवतं. मला साखळीवरचंच भूत बरं वाटतं. निदान ते मेहनत करत होतं.

आणि आता पॅरिस. १९०० च्या जागतिक प्रदर्शनात एजेन एनार या वास्तुविशारदाने आरशांचा षट्कोनी दिवाणखाना बांधला होता. १९०६ मध्ये त्याचा अवतार ग्रेव्हँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात बसवला गेला आणि तो अजून चालतो. इथे मात्र जादूगाराने आपला नियम सरळ उलटा केलाय. तुम्हाला आरशापासून लपवायचं सोडून तुमच्या इतक्या प्रती काढायच्या, की बघता बघता तुमची पुरेवाट व्हावी. सहा भिंती आरशांच्या. प्रत्येक आरसा समोरच्या आरशाला दाखवतो, समोरचा त्याला, आणि न्हाव्याच्या दुकानात दोन आरशांमध्ये आपली मुंडकी जशी रांगेने हिरवट होत दूर जातात, तसा सबंध दिवाणखाना चहूकडे क्षितिजापर्यंत पसरतो. मधले आरसे हलत नाहीत. हलतात ते सहा कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात एक फिरता खांब, त्याला तीन तोंडं. दिवे जातात, क्षणभर मिट्ट काळोख, खांब गर्रकन फिरतात, दिवे येतात. सहा खांब बदलले, की हजारो बदलतात. मघाचं जंगल जाऊन अरबी राजवाडा उभा.

त्या तीन देखाव्यांतला एक आहे हिंदू मंदिर. शंभरेक वर्षांपूर्वीच्या फ्रेंच माणसाच्या मनातलं. दाही दिशांना खांबच खांब, दीपमाळाच दीपमाळा. पण चपला ठेवायला जागा नाही, नारळवाला नाही, 'मोबाईल बंद ठेवा' ही पाटी नाही, आणि मंदिराला अंत नसूनही दर्शनाची रांग नाही. खालच्या गर्दीत, म्हणाल तर, तीसेक माणसं असतात. पण आरशांत ती पंढरपूरच्या आषाढीएवढी दिसतात. प्रत्येकजण त्या लाखोंमध्ये स्वतःला शोधत हात हलवून बघत असतो, 'तो मी, तो बघ, तोसुद्धा मी'. खांबांकडे कुणाचं लक्ष जात नाही. बघणारा स्वतःला दिसला नाही तर तो आरसा शोधत नाही, आणि वाजवीपेक्षा जास्त दिसला, तर स्वतःशिवाय दुसरं काही शोधत नाही. दोन्ही बाजूंनी मालकाचा फायदा.

स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला असाच एक जुना आरसेमहाल आहे, ९० आरशांचा भुलभुलैया. १८९६ च्या जिनिव्हा प्रदर्शनासाठी केलेला आणि नंतर ल्युसर्नला हलवलेला. तो ज्या ग्लेशियर गार्डनमध्ये आहे, त्याच्या अगदी शेजारी दगडात कोरलेला मरणासन्न सिंह. आपले सहलीचे ग्रूप सिंहापुढे फोटो काढतात, घड्याळं बघतात आणि चॉकलेटच्या दुकानाकडे वळतात. माझं मत विचाराल, तर चॉकलेट दहा मिनिटं थांबेल.

भुलभुलैयात आरसे जागचे हलत नाहीत, आपण हलतो, आणि तरीही दर वळणावर वाट सरकल्यासारखी वाटते. तिथला खरा शत्रू म्हणजे बोटांचे ठसे. एक ठसा पडला, की लोकांना हवेत टांगलेलं बोट दिसतं आणि आरसा उघडा पडतो. म्हणून काही आधुनिक आरसेमहालांत आत जाताना हातमोजे देतात. चाचपडायचं आहे ना, चाचपडा, पण स्वच्छ चाचपडा. आणि दिवसभर कुणीतरी एकजण फडकं घेऊन तुमच्या मागे हिंडत असतो. त्या चिलखत पुसणाऱ्या नोकराचा हा सध्याचा जन्म.

तेव्हा कधी अशा ठिकाणी गेलात, तर समोरच्या भुताकडे बघू नका. टेबलाच्या पायांकडे बघा, पडद्यावरची फुलं कोपऱ्यात नीट जुळतात का बघा, जमिनीजवळ एखादी माशी फिरतेय का बघा. कागदाचे बोळे खिशातच राहू द्या. आणि आरसा सापडलाच, तर मनातल्या मनात खुशाल खूश व्हा. फक्त शेजारच्याला लगेच सांगू नका. त्यानेही तिकीट काढलेलं असतं.